दाजींनी न आणलेलं पुस्तक

मनीषाचा फोन आला तेव्हा मी कोपरगावात पंक्चरच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसून चाक निघायची वाट पाहत होतो. मनीषा माझी भाची, पुण्याला असते. "मामा, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली. दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहुरीला राहत्या घरी झोपेतच गेले होते. अशा वेळी माणसाला आधी आपली बहीण आठवावी, निदान भाचीशी दोन शब्द धीराचे बोलावेत. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, की आता येत्या श्रावणात ठकूबाईंकडे पोथी कोण वाचणार? ठकूबाई माझ्या कोणी लागत नाहीत. राजूरच्या वर डोंगरात त्यांचं गाव आहे आणि वर्षातून एकदा दाजींना तिथे सोडण्यापलीकडे माझा त्या घराशी संबंध नव्हता. तरी पहिला विचार तोच आला. का आला ते तेव्हाही कळलं नाही आणि आता काही आठवडे उलटून गेल्यावर, हे लिहायला बसलो असताना, तेव्हापेक्षाही कमी कळतंय.

दाजींचं नाव वसंतराव. राहुरीच्या एका हायस्कुलात त्यांनी जन्मभर इतिहास शिकवला आणि जन्मभर बुद्धिबळावरची जुनी, दुर्मीळ पुस्तकं जमवली. शिळाछापाची, हाताच्या कागदाची, मोडीतली, देवनागरीतली, इंग्रजी, एक-दोन तर अशा भाषांतली की त्या घरात कुणालाच वाचता येऊ नयेत. पुस्तकांची खोली स्वयंपाकघराला लागून होती. कसर लागू नये म्हणून प्रत्येक फळीवर वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवलेल्या असायच्या, त्यामुळे खोलीत शिरलं की बाळंतिणीच्या खोलीत शिरल्यासारखं वाटायचं. आमची अक्का पाहुण्यांना सांगायची, "हळू बोला, आत बाळं निजलीत." यात गंमत अशी, की दाजींना बुद्धिबळ धड खेळता येत नसे. शाळेत असताना मनीषा त्यांना हरवायची, आणि ती काही फार खेळणारी नव्हे. हरले की ते पट तसाच ठेवून आत जायचे आणि एखादं पुस्तक घेऊन यायचे, "बघ, हीच चूक यानंही केली होती" असं काहीतरी दाखवायला. मी त्यांना म्हणायचो, "दाजी, तुम्ही हलवायाच्या दुकानात राहून मधुमेही आहात." ते हसायचे. त्यांना चिडवण्याचा मला हक्क होता, मेव्हणाच होतो, आणि तो हक्क मी भरपूर वापरला.

या नादाची सुरुवात कशी झाली ते त्यांनी मला कितीदा तरी सांगितलं असेल. त्यांच्या शाळेत सॉलोमन सर म्हणून इंग्रजीचे शिक्षक होते, नगरचे. त्यांच्या आजोबांच्या ट्रंकेत बुद्धिबळाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक निघालं, कुणा पाद्रीसाहेबाचं. सॉलोमन सरांना त्याचं काही करायचं नव्हतं, त्यांनी ते दाजींना देऊन टाकलं. दाजींनी ते रात्रभर चाळलं आणि एका पानाच्या समासात त्यांना पेन्सिलीनं बारीक मराठीत लिहिलेलं दिसलं, 'येथे साहेब चुकले.' बस. ते कुणी लिहिलं, साहेबाला ते कळलं का, कळल्यावर साहेब काय म्हणाला, यानं दाजींना जे पछाडलं ते पछाडलंच. लोकांना वाटायचं त्यांना जुन्या कागदाची हौस आहे. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण मी त्यांना नवं पुस्तक उघडताना पाहिलेलं आहे. ते डावाकडे नंतर बघायचे, आधी समास बघायचे, डाग बघायचे, पान कुठे जास्त मळलंय ते बघायचे, जणू ते पुस्तक वाचण्यापेक्षा त्यावर पूर्वी कोण वाकून बसलं होतं त्याचा माग काढताहेत.

मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होतो. ऊस येतो, रस निघतो, रसात साखर किती ते मोजलं की संपलं. मला अशा गोष्टींचा उलगडा होत नसे आणि मी तो करून घ्यायच्या फंदातही पडत नसे. पण माझ्याकडे गाडी होती आणि दाजींना चालवता येत नव्हती. त्यामुळे अख्ख्या जिल्ह्यातले माळे मी त्यांच्याबरोबर पाहिले आहेत. कुणाच्या घरी बारशाला गेलो तरी जेवण झाल्यावर दाजी हळूच विचारायचे, "तुमच्याकडे मागच्या पिढीत कुणी बुद्धिबळ खेळायचं का हो?" मनीषाचं लग्न ठरवायला गेलो तेव्हाही त्यांनी हा प्रश्न विचारला. नवऱ्या मुलाचे वडील बिचारे शिडी लावून माळ्यावर चढले. वरून निघाली ती पंचांगं. लग्न मोडलं नाही हे दाजींचं नशीब.

ठकूबाईंच्या घरचा पत्ता त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं दिला. तो राजूरकडच्या एका शाळेवर मास्तर होता. त्यानं सांगितलं, सर, इथे एका घरात यंत्रांची पोथी आहे, तिच्यात घरं घरं काढलेली आहेत आणि त्यांत कुठे हत्ती, कुठे घोडा असं लिहिल्यासारखं वाटतं, मोडी असल्यानं नीट लागत नाही. दाजींनी ते ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी मला कोपरगावाहून बोलावून घेतलं. आम्ही पोचलो तेव्हा आवणी नुकतीच उरकली होती, खाचरांत भाताची रोपं उभी होती आणि ठकूबाई ओसरीवर पाय पसरून बसल्या होत्या. तेव्हाच त्यांचं वय बरंच होतं. दोन मुलगे, थोरला किसन आणि धाकटा नामदेव, दोघंही शेतावरून येऊन पाय धूत होते. पोथी देव्हाऱ्यात होती. लाल कापडात, त्यावर आणखी एक लाल कापड, त्यावर नाडी. तिच्याविषयी त्यांना एवढंच ठाऊक होतं, की ती ठकूबाईंच्या सासऱ्यांच्या आज्यापासून घरात आहे आणि पूर्वी श्रावणात ती वाचली जायची. वाचणारं माणूस गेलं, मोडी कुणाला येईना, पण पूजा चालूच राहिली. दर श्रावणी सोमवारी ती उघडून तिच्यातल्या प्रत्येक यंत्राला हळदकुंकू लावायचं आणि पुन्हा बांधून ठेवायची.

दाजींनी हात धुतले, पंच्याला पुसले, घोंगडीवर बसून नाडी सोडली. पहिलं पान उघडल्याबरोबर त्यांचे कान लाल झाले. हे त्यांचं लक्षण मला माहीत होतं, काही मोठं सापडलं की तोंडावर काही दाखवायचे नाहीत, पण कान ऐकायचे नाहीत. मीही वाकून पाहिलं. ती यंत्रं नव्हती. बुद्धिबळाचे पट होते. चौसष्ट घरं, आणि घराघरात मोडीत मोहऱ्यांची नावं, त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या लावलेलं हळदकुंकू. काही पटांवर कुंकवाचा इतका थर होता की राजा कुठे आणि वजीर कुठे ते दिसत नव्हतं. हे तेच गृहस्थ, ज्यांनी आपल्या पुस्तकाला बोट लावण्याआधी मला तीन वेळा हात धुवायला लावले होते. मला वाटलं आता हे काहीतरी बोलणार. ठकूबाई पदर डोक्यावर घेऊन हात जोडून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कुन्या देवाची हाय म्हनायची, मास्तर?"

दाजींनी पान पुढे उलटलं, परत मागे आणलं. मग म्हणाले, "राजाची आहे, आजी. लढाईची."

"मंग वाचा की," ठकूबाई म्हणाल्या.

आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली... घोडा पुढे घालून शह द्यावा, राजा डावे घरी जाईल, मग उंटाने वाट धरावी, असं सगळं, अगदी पोथीच्या संथ चालीत. मी थोडा वेळ ऐकलं. माझा गुडघा तेव्हाच कुरकुरायला लागला होता, म्हणून उठून अंगणात जाऊन बसलो. बाहेर नुसता आवाज येत होता. वाचून झाल्यावर गूळखोबरं वाटलं, नागलीची भाकरी आणि उडदाचं घुटं झालं, दाजींच्या कपाळाला बुक्का लागला आणि आम्ही निघालो. घाट उतरेपर्यंत ते एखाद्या पोरासारखे बोलत होते. या पुस्तकाचा उल्लेख त्यांनी फार पूर्वी दुसऱ्या एका जुन्या पुस्तकाच्या शेवटी वाचला होता आणि तेव्हापासून ते त्याच्या मागे होते. सबंध पुस्तकभर एकच लांबलचक डाव, प्रत्येक टप्प्याला पट काढून दाखवलेला, आणि शेवटी एक साधं प्यादं जाऊन राजाला मात देतं. प्यादेमात. आपल्याकडे जुन्या काळी ती सगळ्यात मानाची मात. दुसरी प्रत कुठे असल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"मग सांगितलं का नाही त्यांना? मागितलं का नाही?" मी विचारलं.

"मी खोटं काय बोललो?"

"खरं तरी कुठे बोललात?"

यावर त्यांनी माझ्या गुडघ्याची चौकशी केली. माझाही प्रश्न तसाच राहिला. या माणसानं एका फाटक्या पुस्तकासाठी सोयऱ्याला माळ्यावर चढवलं होतं, आणि जन्मभर शोधलेलं पुस्तक मांडीवर आलं तेव्हा परत नाडी बांधून दिलं. पुढच्या श्रावणात नामदेवचा फोन आला, मास्तरांना म्हणावं पोथी वाचायला या. दाजी गेले. मग दरवर्षीच गेले. माझं काम गाडी नेण्याचं. त्यांना सोडून मी राजूरला उतरायचो, बाजाराचा दिवस असला तर भात घ्यायचो, चहा प्यायचो आणि जेवणाच्या वेळेला वर पोचायचो. पोथी वाचताना मी पुन्हा कधी बसलो नाही. मला त्यातलं काही कळतही नव्हतं. मधल्या एका वर्षी किसन शेतात बांध घालताना दरड कोसळून गेला. आम्ही गेलो तेव्हाच कळलं, कुणी कळवलंच नव्हतं. त्या वर्षी मी खाली उतरलो नाही, नामदेवजवळ अंगणात बसून राहिलो आणि दाजी आत ठकूबाईंपुढे वाचत होते.

पुस्तक आणायचं की नाही यावर दाजी कधी एका जागी राहिले नाहीत. एखाद्या दिवशी फळीकडे बघत म्हणायचे, "ते इथे यायला हवं रे. चुलीच्या धुरात, वाळवीच्या घरात किती टिकेल?" आणि मी म्हटलं की मागू या मग, तर म्हणायचे, "राहू दे. तिथंच बरं आहे." दोन्ही वाक्यं मी माझ्या कानांनी ऐकली आहेत, एकाच आठवड्यातसुद्धा. अक्काला विचारलं तर ती म्हणते, "मला काही विचारू नकोस. दर श्रावणात एका बाईकडे जातात, एवढंच मला माहीत." आणि मग स्वतःच हसते, आणि हल्ली हसता हसता रडते.

पुढे दाजींची नजर गेली. हळूहळू गेली, आधी बारीक अक्षरं, मग मोठी. तेव्हा त्यांनी मला धरलं. मी निवृत्त झालो होतो, घरात नुसता लुडबुडत होतो, अक्काच्या मते कामाचा नव्हतोच. दर रविवारी राहुरीला जायचं आणि मोडी शिकायची. साठी ओलांडल्यावर मी पाटी घेऊन बसलो आणि छडी तेवढी खाल्ली नाही. मला जमायला लागल्यावर ते एकेक पुस्तक काढून माझ्याकडून वाचून घ्यायचे. वाचताना एकच दंडक, आहे तेवढंच वाचायचं. एकदा एका पानाला कसर लागून मधली अक्षरं गेली होती, मी अंदाजानं शब्द घालून पुढे गेलो. त्यांना दिसत नव्हतं, पण पाठ असावं. त्यांनी मला थांबवलं. "तिथे काय आहे?" मी म्हटलं, भोक आहे. "मग म्हण, येथे दोन अक्षरे गेली आहेत. मनाचं घालायचं नाही आणि आहे ते गाळायचं नाही. लिहिणारा आपल्यापुढे नाही, म्हणून तर जास्त सांभाळायचं." मी चिडलो होतो, चुना लावलेल्या भिंतीशी भांडल्यासारखं वाटलं होतं. पण त्या दिवसापासून भोकाला भोक म्हणायला शिकलो. शेवटच्या दोन श्रावणांत त्यांना काहीच दिसत नव्हतं, तरी ते ठकूबाईंकडे गेले. नामदेवनं मला नंतर सांगितलं, की पानं वेळच्या वेळी उलटत होते आणि बरोबर वाचत होते.

दिवसकार्य झालं. मनीषा थोडे दिवस थांबली होती. तिनं मला त्या खोलीत बसवून सांगितलं, की पुण्यातली एक संस्था बाबांचा सगळा संग्रह घ्यायला तयार आहे, नीट ठेवतील, अभ्यासक येतील, बाबांचं नाव राहील. "पण मामा, ते राजूरकडचं पुस्तक नसेल तर हा संग्रह अर्धाच. ते सगळ्यात दुर्मीळ. आयुष्यभर त्यांना ते हवं होतं आणि त्यांनी संकोचानं मागितलं नाही. तुम्ही त्या लोकांना ओळखता. तुम्ही आणा." तिचं म्हणणं मला पटलं. खरंच पटलं. तिच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. ते पुस्तक धुरात काळं पडणार, एक दिवस वाळवी खाणार, आणि जगात दुसरी प्रत नाही. मी हो म्हणालो. आणि हो म्हटल्यापासून मला झोप नीट लागेना. दाजींना ते हवं होतं की नको होतं? मी त्यांच्या इच्छापूर्तीला निघालेला मेव्हणा होतो की त्यांनी इतकी वर्षं जे टाळलं ते त्यांच्या पाठीमागे उरकणारा माणूस? एकदा वाटायचं हे, एकदा वाटायचं ते. अक्का म्हणाली, "तू आता त्यांच्यासारखाच बोलायला लागलास."

श्रावण लागला आणि नामदेवचा फोन आला. त्याला काही माहीत नव्हतं. "मास्तर कवा येनार? आवनी झाली आमची." मी सांगितलं. कधी गेले ते त्यानं विचारलं. मग तो म्हणाला, "आईला सांगतो," आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी परत आला. "आई म्हनती, पोथी तर वाचाय पायजे. तुमाला येती का मोडी?" मी म्हटलं, येते. मनीषाला कळवलं, जातोय. ती म्हणाली, "कापडात नीट गुंडाळून आणा हं, मामा. पावसाचे दिवस आहेत, दप्तराला आतून प्लॅस्टिक लावून घ्या." मी दप्तर घेतलं.

ठकूबाई आता जागच्या फारशा हलत नाहीत. मी वाकून नमस्कार केला तर माझा हात धरून म्हणाल्या, "लई चांगला मानूस गेला. आमच्या घरातलाच गेला म्हना." मग थोड्या वेळानं विचारलं, "दुकलं खुपलं का शेवटाला?" मी म्हटलं, नाही, झोपेत गेले. "मंग बरं," त्या म्हणाल्या. मी ठरवून आलो होतो, की आधी विषय काढायचा आणि मग वाचायचं, म्हणजे नंतर लाज वाटायला नको. नामदेवला बाजूला घेऊन मी सगळं सांगितलं. हे पुस्तक काय आहे तेही सांगितलं, हत्ती, घोडे, पट, सगळं. दाजींनी जे इतकी वर्षं सांगितलं नव्हतं ते मी अंगणात उभा राहून दोन मिनिटांत सांगून टाकलं. नामदेव खाली बघत ऐकत होता. "आमाला काय कळनार त्यातलं," तो म्हणाला. "तुमी न्ह्या. हितं आता कोन वाचनार हाय? पोरं तिकडं नाशकाला. आईला मी सांगतो." आणि तो आत जाऊन आईच्या कानाशी वाकून सांगत राहिला. ठकूबाईंना त्यातलं किती ऐकू गेलं, किती कळलं, मला सांगता येणार नाही. त्या मान हलवत होत्या. शेवटी म्हणाल्या, "वाचू तरी द्या आधी."

मी हात धुतले. देव्हाऱ्यासमोर त्याच घोंगडीवर बसलो आणि नाडी सोडली. माझी मोडी दाजींसारखी नाही. मी अक्षर अक्षर लावत वाचतो, शाळेतल्या पोरासारखा. जिथे कुंकवाखाली अक्षरं गेली होती तिथे मी म्हणालो, येथे अक्षरे दिसत नाहीत. ठकूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. घोडा पुढे गेला, उंटानं वाट धरली, वजीर पडला तेव्हा त्यांनी "आगं आई" असं पुटपुटून कपाळाला हात लावला. मला बुद्धिबळ येत नाही, पण वाचता वाचता मलाही ती लढाई दिसायला लागली. एक एक करून राजाची माणसं जात होती आणि प्यादं एकेक घर पुढे सरकत होतं. शेवटच्या पटाखाली आलो. 'राजास आता एकच घर उरले,' मी वाचलं, आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं, तेवढ्यात ठकूबाईंनी हात वर केला.

"बास. हितं थांबायचं."

"आजी, एक ओळ राहिली आहे."

"ठावं हाय. ती न्हाई वाचायची."

मी नामदेवकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून बसला होता, त्यानं नुसती मान हलवली. ठकूबाई डोळे न उघडताच सांगू लागल्या. "माजा किसन गेला त्या साली मास्तर आलते. आदी दोन-तीन साल समदी वाचली हुती त्येंनी, पार शेवटापत्तुर. त्या साली वाचत वाचत हितवर आले आन्‌ थांबले. माज्याकडं बघितलं. मंग पोथी मिटली. म्हनले, आजी, राजा हाय अजून. पुढचं वाचायचं काय कारन न्हाई. तवापासून दर साली हितंच." त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "तुमाला न्हाई सांगितलं?"

नाही सांगितलं. मला आधी रागच आला, खरं सांगतो. ज्या माणसानं माझ्याकडून एकेका भोकाचा हिशेब घेतला, त्यानं दरवर्षी, डोळे असताना आणि डोळे गेल्यावरही, एक अख्खी ओळ गाळली. तीही शेवटची. तीही जिच्यासाठी ते पुस्तक लिहिलेलं होतं. आणि मला गाडीत शेजारी बसवून इतक्या वेळा घाट उतरले, भाताचा भाव विचारला, गुडघ्याची चौकशी केली, पण हे सांगितलं नाही. मग राग कुठे गेला कळलं नाही आणि त्या परक्या घरात देव्हाऱ्यासमोर मी हुंदके देऊन रडलो. दाजी गेल्यापासून मी रडलो नव्हतो. नामदेव पाणी घेऊन आला. ठकूबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि त्यांचा हात थांबल्यावर मी डोळे पुसले.

मग त्यांनी स्वतःच पोथी दोन्ही कापडांत बांधली. त्यांच्या बोटांना नाडीची गाठ जमेना, नामदेवनं मारली. बांधलेली पोथी त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. "न्ह्यायची तर न्ह्या. मास्तरच्याच घरी चालली, कुटं दुसरीकडं न्हाई. फकस्त तिथं जो कोन वाचील त्येला सांगा, हितं थांबायचं म्हनून."

मी पोथी दोन्ही हातांत घेतली. कुणाला सांगणार होतो? त्या संस्थेत ते पुस्तक नीट पेटीत राहील, हातमोजे घालून उघडलं जाईल, आणि जो कुणी उघडेल तो आधी शेवटचाच पट बघेल. मी उठलो, पोथी देव्हाऱ्यात ठेवली आणि म्हणालो, "आजी, पुढल्या साली मीच येतो." त्या म्हणाल्या, "या." फार खूश झाल्या असं नाही, फार आश्चर्य वाटलं असंही नाही. नामदेवनं भाकरी खाऊन जा म्हटलं, मी खाल्ली.

मनीषाचा फोन राजूरला उतरल्यावर लागला. "मिळालं, मामा?" मी म्हटलं, नाही आणलं. "दिलं नाही त्यांनी?" मी म्हटलं, दिलं. ती गोंधळली. "मग?" मी म्हटलं, "घरी आल्यावर सांगतो." अजून सांगितलेलं नाही. ती राहुरीला आल्यावर दोनदा बोलायला बसलो आणि दोन्हीदा अक्कानं चहा आणला म्हणून विषय बदलला. कदाचित मनीषाच बरोबर असेल. ते पुस्तक एक दिवस वाळवी खाईल आणि त्याचा दोष माझ्यावर येईल, तो मला टाळता येणार नाही. दाजींना शेवटी काय हवं होतं हे मला आजही कळत नाही, आणि आता विचारायचीही सोय नाही. त्या दिवशी माझं बोट त्या ओळीवर होतं, दिवा जवळ होता, अक्षरं स्वच्छ होती. मी नजर खाली घेतली नाही. ती ओळ मी वाचलेली नाही.